आर्विडच्या खोपीतली लाकडं

"त्याच्या तोंडाकडे बघून काही कळायचं नाही. तू त्याच्या लाकडांकडे बघत जा," असं सासूनं मॅरेनला सांगितलं होतं.

एल्माला मूठमाती देऊन माणसं चर्चच्या तळघरात कॉफीला जमली होती, तेव्हाची ही गोष्ट. बाहेर वसंतातला चिखल, प्रत्येकाच्या बुटाला लागून आत आलेला. शर्ली, म्हणजे मॅरेनची सासू, मोरीपाशी कप विसळत होती आणि मॅरेन ते पुसून पालथे घालत होती. पलीकडे लांब टेबलाच्या टोकाला एल्माचा नवरा, आर्विड लाहती, अंगातला कोट न काढता बसला होता. येणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवी, काहीतरी पुटपुटे आणि आर्विड प्रत्येकाला तेच सांगे, "ठीक आहे. ठीक चाललंय."

"ऐकलंस?" शर्ली म्हणाली. "या म्हाताऱ्यांची जातच अशी. तिरडीवर उठवून विचारलं तरी ठीक आहे म्हणतील. थंडीच्या आधी त्याची लाकडांची खोप बघ. सगळं तिथे कळतं."

मॅरेननं मान हलवली आणि ती सूचना सासूच्या इतर सूचनांच्या गाठोड्यात टाकून दिली. ते गाठोडं मोठं होतं. ओले मोजे शेगडीच्या कठड्यावर वाळत घालू नयेत. गाडीत कायम एक फावडं आणि एक घोंगडी असावी. खिडक्यांना प्लास्टिक लावायचं ते पहिल्या बर्फाआधी, नंतर चिकटपट्टी धरत नाही. म्हाताऱ्या माणसाची लाकडं बघावीत, हेही त्यातलंच एक. शर्ली पुढे तालुक्याच्या गावी लेकीकडे राहायला गेली आणि गाठोडं फोनवरून वाढत राहिलं.

तसं पाहिलं तर मॅरेनला काळजी करायला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. कॉलेजात असल्यापासून तिला सवय होती, कुठल्याही खोलीत शिरलं की आधी बाहेर पडायची दारं मोजायची. हॅटी झाल्यावर तर ती सवय अंगात भिनली. जिन्याखालच्या फळीवर पाण्याचे कॅन, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल, डबाबंद वाटाणे, तापाचं औषध, हॅटीचे जास्तीचे लोकरी मोजे. धूर झाला की वाजणारा, छताला लावलेला भोंगा ती दर पंधरवड्याला बटण दाबून वाजवून बघायची, आणि तो वाजला की तीन वर्षांची हॅटी कानांवर हात ठेवून म्हणायची, "आई, वाजतोय. झालं?"

रॉस, तिचा नवरा, लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या जहाजावर. सरोवरं गोठून जहाजं थांबेपर्यंत, म्हणजे ऐन जानेवारीपर्यंत, तो पाण्यावरच असायचा. दरवर्षी सुट्टीत येऊन तो लाकडं फोडून रचून जाई. या वर्षी त्याचा खांदा निखळला होता आणि सुट्टी त्यातच गेली. मग मॅरेननं रस्त्यावरची पाटी बघून लाकडं विकत घेतली. ट्रकवाल्यानं ढीग अंगणात ओतला, तिच्याकडे आणि तिच्या कडेवरच्या पोरीकडे बघून हसला, म्हणाला, "ऊब लागेल बघा बाईसाहेब," आणि गेला. पानगळ सुरू झाली. पाऊस थांबेना. ती लाकडं शेगडीत घातली की नुसती सुंसुं करत, टोकांतून फेस काढत आणि काचेवर काळं चढवत.

मधल्या कुरणापलीकडे आर्विडचं घर. मॅरेनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते सगळं दिसायचं. घर, बाजूला फळ्याफळ्यांची लाकडाची खोप, मागे छोटंसं सौना, वाफेनं अंघोळ करायची खोली. त्यानंही तिच्या धुराड्यातून निघणारा धूर बघितला असणार, कारण एका सकाळी त्याची जुनी पिकअप गाडी अंगणात येऊन उभी राहिली. मागे मेपलची वाळलेली फाळकी गच्च भरलेली.

तो उतरला. एक शब्द न बोलता तिच्या ढिगातली दोन लाकडं उचलून त्यानं एकमेकांवर आपटली. थप्प. मग आपल्या गाडीतली दोन घेऊन आपटली. टण्ण, असा बांबूसारखा आवाज.

"हे लाकूड," तो म्हणाला. "आणि ते तू आणलंस ते, तो कॉफीत बुडवलेला पाव आहे. कुणी दिलं?"

मॅरेननं सांगितलं. आर्विडनं त्या ट्रकवाल्याच्या बापाचं आणि आज्याचं नाव घेतलं, आणि तिघांनी मिळून आयुष्यात एक झाड नीट वाळवलं नसल्याचं सांगितलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण त्यानं तो विषय तिथेच सोडला आणि लाकडं उतरवायला सुरुवात केली.

दिवसभर रचत होते. खाली दोन लांब वासे, म्हणजे जमिनीची ओल लागू नये. दोन्ही टोकांना आडवी-उभी अशी चौकट, मग मधली भरती, साल वरच्या बाजूला. मॅरेनच्या तळहाताला हातमोज्यातूनही फोड आले. हॅटी एकेक ढलपी उचलून आणायची आणि आर्विड ती गंभीरपणे घेऊन रचलेल्या फटीत बसवायचा. "ही नसती तर सगळं कोसळलं असतं," म्हणायचा. पोरगी ऐटीत दुसरी आणायला पळायची. ती त्याला नुसतं आर्वी म्हणायची, आणि त्याला तसं म्हणणारी आधी एक एल्माच होती.

दुसऱ्या दिवशी तो ब्रश आणि दांडे घेऊन आला आणि छपरावर चढला. मॅरेन खाली शिडी धरून उभी. धुराड्यातून काजळीचे काळे चकचकीत पापुद्रे बादलीभर निघाले. "हे पेटलं असतं तर तुझा तो भोंगा वाजला असता खरा," तो वरून म्हणाला, "पण नुसता वाजलाच असता." खाली उतरल्यावर त्यानं तिची कुऱ्हाड घासून दिली, मोरीखालची गळणारी चकती बदलली, मागच्या दाराची सैल बिजागरी आवळली. मॅरेननं बटाटा आणि मांसाचं सारण भरून भाजलेल्या पास्ट्या वाढल्या. त्यानं अर्धीच खाल्ली. कोट सैल झालाय त्याला, असं तिला वाटलं. पण राबणाऱ्या माणसाचा कोट सैलच असतो, असंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात रानातून बार ऐकू यायला लागले. हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की सगळा मुलूख बंदुकांचा नेम तपासतो. दर बाराला मॅरेन जिन्यामागच्या पोलादी कपाटाकडे बघायची. त्यात रॉसची रायफल होती. कपाटाला कुलूप होतं, किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत होती, तरी ती येता-जाता कुलूप ओढून बघायची. आर्विडनं ते पाहिलं.

"आत काय आहे ते माहीत आहे का तुला?"

"रायफल आहे. रिकामी आहे. रॉसनं सांगितलंय."

"सांगितलंय," आर्विड म्हणाला. "उघड."

हॅटी वर झोपली होती. मॅरेननं उघडलं. आर्विडनं नळीचं तोंड भिंतीकडे ठेवून रायफल बाहेर काढली, बोल्ट मागे ओढला, गोळीच्या घरात डोकावलं, करंगळी घालून चाचपलं, आणि तसाच उघडा बोल्ट ठेवून ती तिच्यापुढे धरली. तिनं घाबरत घेतली.

"रिकामी आहे?" त्यानं विचारलं.

"तुम्ही आत्ता बघितलीत की."

"मी बघितली. तू कुठे बघितलीस?"

"पण माझा तुमच्यावर विश्वास आहे ना, आर्विड."

"विश्वास देवावर ठेव, पोरी. बंदूक हातात आली की आपण उघडून बघायची. देणाऱ्यानं तुझ्या डोळ्यांदेखत बघितली असली तरी घेणाऱ्यानं परत बघायची. माझा बाप मला द्यायचा तेव्हा मी बघायचो, मी परत दिली की तो बघायचा. त्यात कुणाला राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याबरोबर रानात जायचं नाही."

तिनं बघितलं. काळोखी, गुळगुळीत, रिकामी जागा. करंगळीला तेल लागलं. मग त्यानं तिला बोल्ट काढायला शिकवलं; तो काढला की बंदूक उडत नाही. बोल्ट वेगळ्या जागी. गोळ्या तिसऱ्या जागी, आपल्या कुलपात. तिनं ते सगळं पुन्हा पुन्हा करून बघितलं, आणि ज्या वस्तूच्या नुसत्या असण्यानं तिच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, ती वस्तू म्हणजे नीट पुसायचं आणि नीट बंद करायचं एक लोखंड आहे, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

"तुम्ही या वर्षी कधी जाणार रानात?" तिनं विचारलं.

"या वर्षी नाही जायचं म्हणतो," आर्विड म्हणाला आणि फडक्यानं हात पुसत राहिला.

लाकडं येत राहिली. आज एक खेप, परवा एक. मॅरेनच्या खोपीची एक भिंत भरली, मग दुसरी, मग दाराशेजारची ओसरी. पुरे म्हटलं तर तो म्हणायचा, थंडी कुणाला विचारून येत नाही. लाकडांबरोबर कधी कंदील यायचा, कधी तेलाचा डबा, एकदा एल्माची पाव भाजायची पत्र्याची भांडी. मॅरेनचा जीव भांड्यात पडत चालला होता. इतकं निर्धास्त तिला लग्नानंतरच्या एकाही हिवाळ्याआधी वाटलं नव्हतं. तिनं एल्माच्या भांड्यात वेलदोड्याचा पाव भाजला आणि घरभर वास सुटला तेव्हा तिला वाटलं, या वर्षी आपली तयारी झाली.

रॉसचा फोन जहाज किनाऱ्याजवळून जात असलं की लागायचा. तिनं हौसेनं सगळं सांगितलं. किती लाकडं, कशी रचली, ओसरीसुद्धा भरली. त्यानं पुन्हा एकदा खेपा मोजून घेतल्या. मग म्हणाला, "एवढी? मॅरेन, मग म्हाताऱ्याकडे काय उरलं?"

त्याचा फोन तुटला. मॅरेन खिडकीशी गेली. रात्रीतून पहिला बर्फ पडून गेला होता आणि सकाळचं ऊन कुरणावर चकाकत होतं. दरवर्षी या दिवसांत आर्विडची खोप काळीकभिन्न दिसायची, फळ्यांच्या फटींतून सुई शिरणार नाही इतकी भरलेली. आता तिच्या फटीफटींतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार.

तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि मोरीपाशी कप विसळणारी सासू डोळ्यांपुढे उभी राहिली. या मुलखात माणूस सगळं देईल, पण हिवाळ्याच्या तोंडावर लाकडं देणार नाही. जो देतो त्याला ती लागणार नसतात. आणि मॅरेन महिनाभर ती लाकडं आनंदानं उतरवून घेत होती.

तिनं हॅटीला बर्फाचा जाड पोशाख चढवला, बर्फावरून दोरानं ओढायच्या तिच्या घसरगाडीत बसवलं, फडक्यात गुंडाळलेला पाव तिच्या मांडीवर दिला आणि दोर खांद्यावर घेतला. आर्विडच्या धुराड्यातून धूर येत होता, पण बारीक, दोऱ्यासारखा. कुरण ओलांडताना तिचं सगळं लक्ष त्या दोऱ्यावर. तुटू नको, एवढंच ती मनात म्हणत होती.

आर्विडनं दार उघडलं. दाढी केलेली, सदरा स्वच्छ. घर लख्ख होतं. इतकं लख्ख की तिला थंडी वाजली. शेल्फावर ओळीनं कप, खुर्च्या टेबलाखाली सरकवलेल्या, शेगडीपाशी चार-पाच फाळकी उरलेली.

"कॉफी करते," ती म्हणाली आणि किटली घेऊन नळाशी गेली. नळ उघडला. आतून नुसती हवा खाकरली. पाणी नाही.

"मोटर बंद केलीय," आर्विड मागून म्हणाला. "नळाचं काम काढलंय."

मॅरेन मोरीत बघत होती. जाळीच्या खाली, मोरीच्या गळ्यात, गुलाबी पाणी साचलं होतं. ते तिला ओळखीचं होतं. दरवर्षी सुट्टी संपताना रॉस रानातली शिकारीची खोपटी हिवाळ्यापुरती बंद करायचा. मोटर बंद, नळ्या रिकाम्या, आणि गळ्यात हे गुलाबी औषध ओतायचं, म्हणजे रिकाम्या घरातलं पाणी गोठून काही फुटायला नको. माणूस राहत नसलेल्या घराला करतात ते. आर्विडनं हे आपल्या राहत्या घराला केलं होतं. मागे राहणाऱ्याला फुटलेली नळी आणि ओली जमीन निस्तरावी लागू नये, म्हणून.

तिनं किटली खाली ठेवली. हॅटीला तिनं एल्माचा बटणांचा डबा दिला आणि शेगडीजवळच्या गालिच्यावर बसवलं. मग टेबलाखालची खुर्ची ओढून ती आर्विडच्या समोर बसली. हॅटीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलायचं होतं, म्हणून ती टेबलावर पुढे झुकली.

"कसे आहात तुम्ही?"

"ठीक आहे," आर्विड म्हणाला.

"ते तुम्ही सांगितलंत. मी कुठे बघितलं?"

आपलेच शब्द आहेत हे त्याला कळलं, आणि त्याच्या ओठाची एक कड हलली. हसू होतं का, कुणास ठाऊक.

मॅरेनला आयुष्यात कुठली गोष्ट तोंडातून काढायला इतकी जड गेली नव्हती. म्हाताऱ्याचा अपमान होईल. तो दार दाखवेल. आपलं चुकत असेल तर गावभर होईल. हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं, आणि तरी ती म्हणाली, "आर्विड, जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

शेगडीत एक फाळकं सरकून खाली बसलं. हॅटी गालिच्यावर बटणं ओळीत लावत होती, निळं, निळं, पांढरं.

"रोज नाही," आर्विड म्हणाला. "दुपारी नसतं. सकाळी असतं. उठतो आणि दोघांची कॉफी करतो. मग एक कप ओतून टाकावा लागतो. तो ओतताना असतं."

मॅरेननं त्याचा हात धरला. खरबरीत, गार, लाकडाच्या सालीसारखा हात. तो त्यानं काढून घेतला नाही.

"लाकडं कुजतील त्यापेक्षा तुला कामी येतील म्हटलं," तो म्हणाला. "लेकरू आहे घरात. आणि एल्माला पसारा आवडायचा नाही."

"लाकडं नको होती मला. मला वाटलं तुम्ही येताय." ती रडत होती आणि बाहीनं नाक पुसत होती. "मी लाकडांसाठी नाही, तुम्ही यायचात म्हणून खूश होते. मला एवढं साधं कळलं नाही."

"तुला कळू नये असंच करत होतो की," आर्विड म्हणाला. "त्यात तुझं काय चुकलं."

मग ती बंदुकांचं बोलली. त्याच्या बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट होतं आणि त्यात त्याच्या बापाची रायफल, त्याची स्वतःची एक आणि एल्माची पक्ष्यांची बंदूक. कपाटाला कुलूप होतं, पण किल्ली त्याच्याच खिशात.

"बर्फ वितळेपर्यंत त्या माझ्याकडे ठेवा," मॅरेन म्हणाली. "रॉसच्या कपाटात जागा आहे."

"तुझ्या घरात पोरगी आहे. आणि तुला बंदुकीची भीती वाटते."

"वाटते. म्हणून तर माझं कुलूप पक्कं असतं."

आर्विडनं खाली बघितलं. या मुलखात आपली बंदूक दुसऱ्याच्या घरी ठेवायची म्हणजे पुरुषाला काय वाटतं ते मॅरेनला पुरतं कळणं शक्य नव्हतं, पण थोडंफार दिसत होतं. त्याची मान आखडली, जबडा हलला. मग तो उठला, खिशातून किल्ली काढली आणि आधी हॅटीकडे बोट दाखवून म्हणाला, "तिला तिथेच बसव."

एकेक बंदूक त्यानं काढली. नळी भिंतीकडे. उघडली, बघितली, चाचपली, आणि उघडीच तिच्या हातात दिली. तिनं घेतली, बघितली, चाचपली. बापाच्या रायफलीपाशी त्याचा हात थांबला. दस्त्यावर अंगठ्याची जागा गुळगुळीत झिजली होती, आधी बापाच्या अंगठ्यानं, मग याच्या. त्यानं ती दिली. मॅरेननं गोळीच्या घरात करंगळी घातली आणि मान हलवली.

"रिकामी आहे," ती म्हणाली.

"आता तू बघितलीस," आर्विड म्हणाला, आणि त्याच्या छातीतून असा श्वास सुटला, जसा ओझं उतरवलेल्या बैलाचा सुटतो.

बोल्ट त्यानं काढून एका मोज्यात घातले, गोळ्या पत्र्याच्या डब्यात. बंदुका एल्माच्या गोधडीत गुंडाळून घसरगाडीवर बांधल्या. गाडी मॅरेननं ओढली. हॅटीला आर्विडनं खांद्यावर घेतलं, आणि तिनं खिशात भरून आणलेली बटणं वाटभर त्याच्या टोपीवर एकेक ठेवून बघितली, कुठलं पडत नाही ते. बर्फावर घसरगाडीची दोन रेघांची वाट उमटली, या घरापासून त्या घरापर्यंत.

त्या दुपारी मॅरेननं शर्लीला फोन केला. आपल्याला आधी सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नाही, हे सासू बोलून दाखवेल असं तिला वाटलं होतं. शर्ली एवढंच म्हणाली, "मी गाडी काढते." ती आली ती आठवडाभर राहिली. तालुक्याच्या दवाखान्यात तिनंच त्याला नेलं. आर्विड परत आला तो कुरकुरत. डॉक्टर म्हणजे कालचं पोरगं, आणि झोप कशी लागते एवढ्यासाठी तासभर प्रश्न विचारतं, म्हणाला. पण औषधाच्या गोळ्यांची बाटली त्यानं मॅरेनच्या फळीवर वाटाण्यांच्या डब्याशेजारी ठेवली आणि रोज सकाळी गोळी घ्यायला यायला लागला. तिथेच कॉफी व्हायची. त्याच्यासाठी एक कप, तिच्यासाठी एक, हॅटीसाठी दुधाचा. ओतून टाकावा लागेल असा एकही नाही.

काही सकाळी तो यायचा नाही. तेव्हा मॅरेन हॅटीला गुंडाळायची आणि कुरण ओलांडायची. धूर दिसत असला तरी जायची. एकदा तो पलंगाच्या कडेला एकच मोजा घालून बसलेला सापडला, दुसरा हातात. ती त्याच्याशेजारी बसून राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं दुसरा घातला. त्या दिवशी तेवढंच काम झालं.

लाकडं परत न्यायचा मात्र तमाशा झाला. दिलेली वस्तू आपण परत घेत नाही, आर्विड म्हणाला. "मग मीही घेतलेल्या बंदुका परत देत नाही," मॅरेन म्हणाली. त्यावर तो पिकअपची किल्ली शर्लीच्या हातात देऊन हातमोजे चढवायला लागला. शर्ली पिकअप चालवत होती, ते दोघं भरत होते, आणि हॅटी रचलेल्या फटींतून निघालेली प्रत्येक ढलपी मोजूनमापून परत मागत होती, कारण तिच्या मते त्या तिच्या होत्या. मोटर चालू केली तेव्हा नळ आधी खाकरला, मग तांबूस थुंकला, मोरीच्या गळ्यातलं गुलाबी वाहून गेलं आणि शेवटी पाणी स्वच्छ आलं. आर्विड ओंजळ धरून पाणी प्यायला. शनिवारी सौना तापवलं. शर्ली आणि मॅरेन आधी, मग आर्विड. बाहेर येऊन तो बाकावर बसला तेव्हा त्याच्या उघड्या खांद्यांवरून वाफ निघत होती आणि वरून बर्फ पडत होता.

जानेवारीत रॉस आला. त्यानं कपाट उघडून बंदुका बघितल्या, प्रत्येक स्वतः उघडून, आणि परत बंद केल्या. आर्विडच्या घरी जाऊन तो बराच वेळ बसून आला. काय बोललात विचारल्यावर म्हणाला, खांद्याविषयी बोललो.

चिखल आला, मग हिरवं आलं. मॅरेननं गळ्यातल्या साखळीतली किल्ली काढून टेबलावर ठेवली, आर्विडच्या कपाशेजारी. "बर्फ गेला," ती म्हणाली.

आर्विडनं किल्लीकडे बघितलं. बोटानं ती तिच्याकडे परत सरकवली. "असू दे अजून," म्हणाला. "पानगळीला बघू. आत्ता आधी झाडं पाडायला पाहिजेत. या वर्षी दोन खोपी भरायच्यात, आणि तुला अजून वाळलेलं लाकूड ओळखता येत नाही."

"येतं," मॅरेन म्हणाली. "आपटून बघायचं."

आता त्या कुरणात दोन घरांच्या मध्ये एक पायवाट पडली आहे. उन्हाळ्यातही ती बुजत नाही. खिडकीतून आर्विडची खोप दिसते आणि तिच्या फटींतून आभाळ दिसत नाही.

तुमच्या खिडकीतून कुणाचं काय दिसतं, ते तुम्हालाच ठाऊक. कुणाच्या दारातल्या दुधाच्या पिशव्या, कुणाचा दिवा, दोरीवरचा कुणाचा एकच सदरा. कुणी अलीकडे तुम्हाला आपल्या वस्तू भराभर देऊन टाकत असेल आणि तुम्ही आनंदानं घेत असाल. फोनवर विचारलंत तर ते ठीक आहे म्हणतील. ते त्यांनी सांगितलं. तुम्ही कुठे बघितलं? पायात काहीतरी घाला आणि आत्ता जाऊन बघून या.